पहिले औषध मानवले नाही, तर पुढे काय?

ज्या मुलांविषयी आज बोलायचे आहे, ती आपणां सर्वांच्या ओळखीची आहेत. अर्धी बेरीज तशीच टाकून खिडकीबाहेर पाहत बसणारा, गुरुजींचा प्रश्न पुरा होण्याच्या आत उत्तर ओरडणारा, जागेवर बसला तरी हातापायांची चुळबुळ न थांबणारा, शाळेला जाताना दप्तर आणि येताना चप्पल विसरणारा असा एखादा मुलगा प्रत्येक शाळेत असतोच. अशा मुलीही असतात. पण त्या पुष्कळदा गडबड करीत नाहीत, नुसत्या हरवल्यासारख्या बसून राहतात. म्हणून त्यांच्याकडे कोणाचे लक्षच जात नाही.

यांतली बरीच मुले नुसती अचपळ असतात आणि वय वाढेल तशी आपोआप ताळ्यावर येतात. काहींचे मात्र तसे नसते. बारा वर्षांच्या आतच सुरू झालेली, घरी आणि शाळेत दोन्हीकडे दिसणारी, सहा महिन्यांहून अधिक टिकलेली आणि मुलाच्या शिकण्यात, मैत्रीत, घरच्या वागण्यात अडथळा आणणारी अशी ही चंचलता असली, म्हणजे डॉक्टर तिला 'एडीएचडी' हे नाव देतात. आपण तिला मराठीत अवधानाची उणीव आणि अतिचंचलता म्हणू. जगभरच्या पाहण्या एकत्र केल्या तर शंभर मुलांत सुमारे पाच असे तिचे प्रमाण निघते. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात एखाददुसरे मूल. हा आईबापांच्या लाडाचा परिणाम नव्हे आणि मुलाचा हट्टही नव्हे. मेंदूचा जो भाग मनाला आवर घालतो, एका कामावर टिकवून धरतो, त्या भागाची वाढ या मुलांत जरा निराळ्या चालीने होते. पुष्कळदा ही गोष्ट घराण्यातूनच आलेली असते.

या विकाराच्या पहिल्या औषधाविषयी आपण कुठे ना कुठे ऐकले असेल. पण ते औषध ज्या मुलाला देताच येत नाही, किंवा देऊन पाहिले आणि मानवले नाही, त्या मुलाचे पुढे काय? नेमक्या याच ठिकाणी पुष्कळ आईबाप हात टेकतात. 'औषध करून पाहिले, उपयोग नाही' असे म्हणून ते घरी बसतात आणि मूल होते तिथेच राहते. आजचे भाषण या वळणाविषयी आहे. मी मानसशास्त्राचा अध्यापक आहे, डॉक्टर नव्हे. औषध लिहून देणे हे माझे काम नाही. पण एक वाट बंद झाली म्हणून सगळ्या वाटा बंद झाल्या असे समजू नये, हे सांगायला डॉक्टर असावे लागत नाही.

आधी पहिल्या औषधाची हकीकत थोडक्यात सांगतो, म्हणजे दुसऱ्याचे काम नीट समजेल. अमेरिकेत प्रॉव्हिडन्स या गावी मनोविकार असलेल्या मुलांचे एक रुग्णालय होते. तेथील डॉक्टर चार्ल्स ब्रॅडली यांनी १९३७ साली आपला एक अनुभव प्रसिद्ध केला. मुलांच्या मेंदूची एक तपासणी त्या काळी करीत असत आणि तीनंतर डोके फार दुखे. त्यावर उपाय म्हणून त्यांनी बेंझेड्रिन नावाचे उत्तेजक औषध देऊन पाहिले. डोकेदुखी तर फारशी हटली नाही, पण भलतेच घडले. तीस मुलांपैकी जवळजवळ निम्म्या मुलांचा अभ्यास एकाएकी सुधारला. मुलेच त्या गोळ्यांना 'गणिताच्या गोळ्या' म्हणू लागली. पुढे १९४४ साली स्वित्झर्लंडमध्ये मेथिलफेनिडेट हे औषध तयार झाले आणि १९५४ साली ते बाजारात आले. आज आपल्याकडे या विकारावर उत्तेजक औषध म्हणून मुख्यतः हेच देतात.

कोणी विचारील, मूल आधीच उधळलेले, त्याला आणखी उत्तेजक औषध कसे द्यावे? बैलगाडीचा दाखला घ्या. गाडी रस्ता सोडून शेतात शिरते ती बैलांच्या अंगात जोर फार झाला म्हणून नव्हे, तर गाडीवान पेंगतो म्हणून. हे औषध बैलांना झोपवीत नाही, ते गाडीवानाला जागे करते. मेंदूच्या पुढच्या भागात डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रिनलिन ही दोन द्रव्ये निरोप्याचे काम करतात. उत्तेजक औषधाने ती वाढतात, आणि अर्ध्या-पाऊण तासात मूल कामाला लागते. साध्या गोळीचा अंमल तीनचार तास टिकतो. सावकाश विरघळणाऱ्या गोळीचा सात-आठ तासांपासून बारा तासांपर्यंत.

मग हे औषध कोणाला देता येत नाही? ज्या मुलाच्या हृदयात जन्मतः मोठा दोष आहे, हृदयाचे स्नायू दुबळे आहेत किंवा ठोके गंभीरपणे बिघडतात, त्याला ते धोक्याचे. ज्याला काचबिंदू आहे, गलग्रंथीचा स्राव वाढलेला आहे, रक्तदाब फार चढलेला आहे, किंवा ज्याला भास होतात, त्याच्या बाबतीतही डॉक्टर ते टाळतात. दुसरा वर्ग औषध न मानवणाऱ्या मुलांचा. त्यांची भूक मरते. शाळेत दुपारची खिचडी ताटात तशीच राहते. रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. काही मुले औषधाचा अंमल उतरताना रडवेली किंवा चिडखोर होतात. तिसरे कारण अगदी व्यवहारातले. मेथिलफेनिडेट हे द्रव्य १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्याच्या यादीत आहे. त्यामुळे ते हरएक दुकानी मिळत नाही. तालुक्याच्या गावी नाही, जिल्ह्याच्या गावी एखाद्याच दुकानात, आणि तिथेही 'पुढच्या आठवड्यात या' असे उत्तर. शिवाय घरात कोणाला व्यसन असेल तर असले औषध घरात ठेवणे बरे नव्हे.

मात्र एक खबरदारी इथेच सांगून ठेवतो. 'देता येत नाही' असे आपण समजतो त्यांतल्या सगळ्यांच्याच बाबतीत ते खरे नसते. काही मुलांना डोळे मिचकावण्याची, मान उडवण्याची, खाकरण्याची अनावर सवय असते. अशांना उत्तेजक औषध दिले तर ती सवय बळावते, असे पूर्वी ठाम मानीत. २००२ साली अमेरिकेत अशा १३६ मुलांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. तीत असे दिसले की मेथिलफेनिडेटने बहुतेकांच्या त्या सवयी वाढल्या नाहीत. भुकेचेही तसेच. कधी मात्रा कमी करून, कधी गोळीची वेळ न्याहारीनंतर नेऊन काम भागते. म्हणून औषध बदलण्याआधी डॉक्टरांना एकदा मोकळेपणाने विचारावे, "साहेब, याचेच प्रमाण किंवा वेळ बदलून पाहता येईल का?" येत नसेल, तर मग दुसऱ्या फळीकडे वळावे.

दुसऱ्या फळीतले पहिले नाव अ‍ॅटोमॉक्सेटिन. हे औषध मुळात मनाच्या उदासपणावर उपाय म्हणून तपासले जात होते. त्या कामी ते टिकले नाही, पण अतिचंचल मुलांना त्याचा गुण दिसला, आणि २००२ च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सहा वर्षांवरील मुलांसाठी त्याला मान्यता दिली. या विकारावर मान्यता मिळालेले हे पहिले अनुत्तेजक औषध. ते आपल्याकडेही मिळते. त्याची चटक लागत नाही आणि ते अंमली पदार्थांच्या यादीतही नाही.

त्याचे काम कसे चालते, ते शेतकऱ्याला चटकन समजेल. पाटाला पाणी सोडले आहे, पण वाटेतच ते झिरपून जाते आणि शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचत नाही. अशा वेळी एक तर वरून पाणी जास्त सोडावे, किंवा पाटाची गळती बुजवावी. अ‍ॅटोमॉक्सेटिन गळती बुजवण्याचे काम करते. नॉरअ‍ॅड्रिनलिन हे द्रव्य मज्जापेशी सोडतात आणि लगेच परत शोषून घेतात. हे शोषून घेणे औषध रोखते, म्हणून द्रव्य जागेवर अधिक वेळ टिकते. पण गळती बुजवल्याबरोबर काही पीक हिरवे होत नाही. त्याला दिवस जावे लागतात. या औषधाचा पुरा गुण दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, कधी त्याहूनही अधिक.

श्रोतेहो, माझ्या मते आजच्या भाषणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. पहिल्या औषधाचा गुण तासाभरात दिसलेला असतो. त्याच अपेक्षेने आईबाप दुसऱ्याकडे पाहतात. आठ दिवस होतात, पंधरा दिवस होतात, फरक काही दिसत नाही. उलट मळमळ, पोटदुखी, पेंगुळलेपण एवढेच दिसते. मग 'हेही औषध फुकटच' म्हणून बाटली फळीवर जाते. खरे पाहता तेव्हा औषधाची सुरुवातही धड झालेली नसते. मात्रा मुलाच्या वजनावर ठरते. आरंभी दर किलोला सुमारे अर्धा मिलिग्रॅम, मग डॉक्टर ती पायरीपायरीने दर किलोला १.२ मिलिग्रॅमच्या आसपास नेतात. वीस किलोच्या मुलाला आरंभी रोज १० मिलिग्रॅम मिळाले, तर ती नुसती पहिली पायरी झाली. ज्वारी पेरून आठव्या दिवशी कोणी कणसे शोधीत नाही. तोच धीर इथे हवा. जेवणाबरोबर गोळी दिली तर मळमळ कमी होते आणि ती बहुधा थोड्याच दिवसांत ओसरते. कॅप्सूल मात्र फोडून देऊ नये. आतली पूड डोळ्यांत गेल्यास डोळे चुरचुरतात.

धीर धरायचा म्हणजे डोळे मिटून बसायचे असे मात्र नाही. या औषधाबाबत दोन गोष्टींवर नजर ठेवावी लागते. पहिली मनाची. २००५ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याच्या वेष्टनावर कडक इशारा छापायला लावला. चाचण्यांत औषध घेणाऱ्या १,३५७ मुलांपैकी पाच मुलांच्या मनात जीव देण्याचे विचार आले होते. पोकळ गोळी घेणाऱ्या ८५१ मुलांपैकी एकाच्याही मनात ते आले नव्हते. त्या चाचण्यांत कोणीही जीव दिला नाही. म्हणजे धोका हजारी चारच्या आत, पण तो आहे. आरंभीच्या काही महिन्यांत आणि मात्रा बदलताना मूल एकाएकी गप्प झाले, फार चिडू लागले, 'मला जगायचे नाही' असे काही बोलले, तर ते थट्टेवारी नेऊ नये. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. दुसरी गोष्ट यकृताची. क्वचित एखाद्याला कावीळ होते. डोळे पिवळे, लघवी गडद, अंगाला खाज, उजव्या कुशीत दुखणे अशी चिन्हे दिसली की औषध थांबवून लागलीच दवाखाना गाठावा. आणखी एक सांगतो. या औषधानेही नाडी आणि रक्तदाब थोडे वाढतात. तेव्हा हृदयरोगामुळे ज्याचे पहिले औषध नाकारले, त्याला हे बिनधास्त द्यावे असे मुळीच नाही. हृदयाच्या डॉक्टरांचे मत तिथेही हवेच.

आता दुसऱ्या फळीतली दुसरी जोडी, क्लोनिडिन आणि ग्वानफासिन. क्लोनिडिनची जन्मकथा मौजेची आहे. १९६० नंतरच्या वर्षांत जर्मनीतील एका औषध कंपनीत सर्दीने चोंदलेले नाक मोकळे करणारे थेंब शोधत होते. तिथल्याच एका बाईंना सर्दी झाली होती, त्यांच्या नाकात हे थेंब घातले. बाईंचे नाक मोकळे झाले की नाही कोण जाणे, पण त्या दिवसभर झोपून राहिल्या आणि त्यांचा रक्तदाब उतरला! अशा रीतीने नाकाचे औषध रक्तदाबाचे झाले. पुढे १९८५ साली अमेरिकेत येल विद्यापीठाच्या एमी आर्नस्टेन आणि पॅट्रिशिया गोल्डमन-राकिच यांनी म्हाताऱ्या माकडांना क्लोनिडिन देऊन पाहिले. माकडांची काम लक्षात ठेवण्याची शक्ती सुधारली. त्याच वर्षी अतिचंचल मुलांवरची एक छोटी चाचणीही प्रसिद्ध झाली. क्लोनिडिनचे धाकटे भावंड म्हणजे ग्वानफासिन. ते मेंदूच्या पुढच्या भागावर अधिक नेमके काम करते आणि झोप जरा कमी आणते. सावकाश विरघळणाऱ्या रूपात ग्वानफासिनला २००९ साली आणि क्लोनिडिनला २०१० साली अमेरिकेत सहा ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी मान्यता मिळाली.

या जोडीचा गुण कोणाला विशेष? ज्याची चंचलता, आततायीपणा आणि रागाचे झटके अधिक आहेत, ज्याला रात्री झोप येत नाही, ज्याला मान उडवण्यासारख्या सवयी आहेत, अशा मुलाला. नुसते हरवल्यासारखे बसणाऱ्या मुलाला तितकासा नाही. ही औषधे भूक मारीत नाहीत. पण आरंभी ती पेंग आणतात, तोंड कोरडे पडते, कधी शौचाला घट्ट होते, उठताना चक्कर येते. नाडी आणि रक्तदाब उतरतात. म्हणून ते अधूनमधून मोजून घ्यावे लागतात.

आता या औषधांविषयीचा नियम ऐका, आणि जमल्यास कागदावर लिहून घ्या. ही औषधे एकदम बंद करायची नाहीत. औषध संपले, एस. टी. चुकली, गावाला जत्रा होती, म्हणून चार दिवस गोळी राहिली, असे होता कामा नये. एकदम थांबवल्यास रक्तदाब उसळी मारतो. डोके दुखते, छाती धडधडते. थांबवायचे झाले तर डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे, उतरत्या मात्रेने. म्हणून पुडक्यात आठवड्याच्या गोळ्या उरल्या की नवी आणण्याची तयारी करावी. मुलाला ओकारीचा आजार झाला आणि गोळी पोटात टिकत नसेल, तरीही डॉक्टरांना कळवावे. सावकाश विरघळणारी गोळी चावू, मोडू वा कुटू नये. आणि हे औषध लहान भावंडांच्या हाती लागू देऊ नये. रांगणाऱ्या मुलाने क्लोनिडिनची एखाददुसरी गोळी गिळली तरी जिवावर बेतू शकते. आजोबांच्या रक्तदाबाच्या डब्यात हेच नाव दिसले, म्हणून त्यातली गोळी नातवाला देण्याचा शहाणपणा तर कोणीच करू नये.

याखेरीज व्हायलॉक्सॅझिन नावाचे औषध आहे. युरोपात ते उदासपणावर वापरीत असत. २०२१ साली अमेरिकेत त्याला मुलांच्या अतिचंचलतेसाठी मान्यता मिळाली. इमिप्रामिनसारखी जुनी औषधे कधी कधी देतात, पण त्यांच्यासाठी हृदयाचा आलेख काढावा लागतो. ती तज्ज्ञांच्याच देखरेखीखाली घ्यावीत.

या सगळ्यांचा गुण पहिल्या औषधाइतका असतो का? प्रामाणिक उत्तर असे की सरासरीने नसतो. २०१८ साली १३३ चाचण्यांचा एकत्र विचार करून एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात ही औषधे पोकळ गोळीपेक्षा सरस ठरली, पण उत्तेजकांच्या मानाने थोडी मागे राहिली. मात्र सरासरी ही सगळ्यांची असते आणि मूल आपले असते. एकाला जे अमृत ते दुसऱ्याला जड जाते. ज्याला पहिले मानवत नाही, त्याच्यापुढे 'पहिले की दुसरे' असा प्रश्नच नसतो. दुसरे की काहीच नाही, असा असतो. आणि काहीच न केल्याची किंमत मोठी आहे. मार खाणे, नापास होणे, शाळा सुटणे, मोठेपणी अपघात आणि व्यसने यांच्या फेऱ्यात सापडणे, हे उपचाराविना राहिलेल्या मुलांत अधिक आढळते.

औषधाची वाट अडली की माणूस इतर उपायांकडे धावतो. त्यांतले खरे काय, ते थोडक्यात पाहू. साखर बंद केल्याने मूल शांत होते, ही समजूत फार पसरली आहे. १९९४ साली काळजीपूर्वक झालेल्या चाचणीत साखरेचा मुलांच्या वागण्यावर परिणाम दिसला नाही. दातांसाठी साखर कमी करावी हे निराळे. खाण्याच्या रंगांचे मात्र काही अंशी खरे आहे. २००७ साली इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टन येथे झालेल्या चाचणीत काही कृत्रिम रंग आणि टिकाऊपणाचे द्रव्य मिसळलेले पेय दिल्यावर मुलांची चंचलता थोडी वाढली. २०१० पासून युरोपात अशा सहा रंगांच्या खाद्यांवर इशारा छापावा लागतो. तेव्हा रंगीत गोळ्या, रंगीत पेये कमी केल्याने नुकसान काहीच नाही. पण त्यांनी औषधाची जागा भरून निघत नाही. माशाच्या तेलाचा गुण आढळला, पण अल्प. अंगात लोह कमी असेल तर अवधानही ढासळते, आणि आपल्याकडे पंडुरोग घरोघर आहे. म्हणून रक्त तपासून, कमी असल्यास लोहाच्या गोळ्या जरूर द्याव्यात. न तपासता मात्र देऊ नयेत.

बाजारात 'बुद्धिवर्धक', 'चित्त स्थिर करणारे' म्हणून पुड्या आणि भस्मे विकली जातात. मी आयुर्वेदाची निंदा करीत नाही. पण २००४ साली अमेरिकेत बॉस्टनच्या परिसरातील दुकानांतून दक्षिण आशियात बनलेली ७० आयुर्वेदिक उत्पादने घेऊन तपासली, तेव्हा १४ उत्पादनांत शिसे, पारा किंवा सोमल यांपैकी काही ना काही सापडले. शिसे तर मुलांचे अवधान बिघडवणारेच विष आहे. आग विझवायला जावे आणि हाती तेलाचा डबा यावा, तसला हा प्रकार. नाव-पत्ता नसलेली पुडी मुलाला देऊ नये. वैद्याचे काही चालू असल्यास ते डॉक्टरांपासून लपवू नये.

आता शिक्षकबंधुभगिनींसाठी. आपण म्हणाल, औषधाशी आमचा काय संबंध? फार जवळचा आहे. डॉक्टर मुलाला महिन्यातून दहा मिनिटे पाहतात, आणि त्या दहा मिनिटांत मूल पुष्कळदा अगदी शहाण्यासारखे बसते. आपण त्याला रोज पाच-सहा तास पाहता. औषध लागू पडले की नाही, हे सांगणारा खरा साक्षीदार आपण आहात. म्हणून एक साधी वही करावी. औषध सुरू होण्यापूर्वी दोन आठवडे आणि पुढे दर आठवड्याला तीत चार ओळी लिहाव्यात. मूल जागेवर सलग किती वेळ बसले? दिलेले काम किती पुरे केले? दुपारचे जेवण खाल्ले की टाकले? पेंगत होते, रडवेले होते, की नेहमीसारखे? आणि महिन्यातून एकदा शाळेच्या काट्यावर वजन. सहा आठवड्यांनी ही दोन पाने आईबापांनी डॉक्टरांपुढे ठेवली, तर मात्रा वाढवावी, थांबावे की औषध बदलावे, हे अंदाजाने नव्हे, आधाराने ठरते. सावकाश चढणाऱ्या औषधाचा फरक रोज पाहणाऱ्याला जाणवत नाही, तो वहीत दिसतो.

औषधाने मूल बसते, पण बसून काय करावे हे शिकवावे लागते. त्याला पुढच्या बाकावर, खिडकी-दारापासून दूर बसवावे. दहा गणिते एकदम न देता तीन-तीन करून द्यावीत. सूचना एका वेळी एकच, आणि त्याच्या डोळ्यांकडे पाहून सांगावी. फळा पुसणे, खडू आणणे, हजेरीपट पोचवणे अशी उठण्याची कामे त्यालाच द्यावीत. चांगले वागल्याची शाबासकी त्याच घटकेला द्यावी, शनिवारपर्यंत राखून ठेवू नये. आणि चारचौघांत 'गोळी घेतलीस का रे?' असे विचारू नये. त्या एका वाक्याने मूल औषधाचा द्वेष करू लागते. सहा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत तर पहिला उपाय आईबापांना असे वागणे शिकवणे हाच, औषध नंतर.

हे सगळे करण्याआधी कान, डोळे आणि झोप तपासून घ्यावी. ज्याला नीट ऐकू येत नाही, फळ्यावरचे दिसत नाही, जो रात्रभर घोरतो किंवा ज्याला क्षणभर भान हरपणारी फेफऱ्याची तऱ्हा आहे, तोही बेध्यान दिसतो. त्याचा इलाज वेगळा. सब घोडे बारा टक्के असा हिशेब इथे चालत नाही.

जायचे कोठे? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच पालघर येथे सुरू झाला. त्याच्या तपासणीच्या यादीत हा विकार आहे. आरोग्यपथक वर्षातून एकदा शाळेत येते. त्या दिवशी शिक्षकांनी अशा मुलाचे नाव आपण होऊन सांगावे. पुढची तपासणी जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात होते. मनाविषयीच्या कोणत्याही काळजीसाठी १४४१६ या क्रमांकावर सरकारची 'टेलिमानस' ही मोफत सेवा २०२२ पासून चालू आहे.

शेवटी आईबापांना एवढेच सांगणे. पहिले औषध मानवले नाही, यात मुलाचा दोष नाही, तुमचा नाही आणि औषधाचाही नाही. एकाची चप्पल दुसऱ्याच्या पायाला येत नाही म्हणून कोणी जन्मभर अनवाणी चालत नाही. दुकानदाराला दुसरी दाखवायला सांगतो. डॉक्टरांना तसेच सांगा. दुसरे औषध सुरू झाले की सहा आठवडे धीर धरा, वही ठेवा, गोळी चुकवू नका आणि आपल्या मनाने बंद करू नका. आणि त्या सहा आठवड्यांत मूल चुळबुळ करीत राहिले, तर त्याला मारू नका. तेही आपल्या परीने वाट पाहत असते.